पंचवीसची जर्मन मावसबहीण

जर्मनीचं पोस्टिंग मिळालं की आपल्या मंडळींची तयारी बघण्यासारखी असते. थर्मल्स, प्रेशर कुकर, दोन किलो गोडा मसाला, चार पिशव्यांत गुंडाळलेलं लोणचं... आणि शेवटच्या महिन्यात आठवतं, अरे, पोराला जर्मन? निदान वन-टू-थ्री तरी यायला हवं ना!

असे आई-बाबा मग माझ्याकडे येतात. पुण्यात वीकएण्डला मी पाच ते सात वर्षांच्या चिल्ल्यापिल्ल्यांना जर्मन आकडे शिकवते. आणि हल्ली जवळपास प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न हमखास येतो. परवा एका सहा वर्षांच्या मुलीच्या आईने तो अगदी काकुळतीला येऊन विचारला, ''अहो, इंग्लिश आहे, त्यात आता जर्मन. डोक्यात नुसता गोंधळ होईल. मराठी आकडे बंद करू का?''

तिला मी काय सांगितलं, ते शेवटी. आधी जर्मन आकड्यांचा फंडा समजून घेऊ.

सुरुवात एकदम सोपी. आइन्स, त्स्वाय, द्राय, फिअर, फ्युन्फ... पोरांना 'त्स्वाय' म्हणताना जाम मजा येते, थुंकी उडते म्हणून. पहिल्या दिवशी आकड्यांबरोबर बोटंही शिकवावी लागतात. आपण करंगळीपासून मोजतो किंवा पेरांवर. जर्मन माणूस अंगठ्यापासून मोजतो. अंगठा म्हणजे एक, अंगठा आणि तर्जनी म्हणजे दोन, त्यात मधलं बोट आलं की तीन. टॅरँटिनोचा २००९चा 'इनग्लोरियस बास्टर्ड्‌स' पाहिलाय? त्यात जर्मन गणवेशातला ब्रिटिश अधिकारी तीन ग्लास मागवताना अंगठा मिटून मधली तीन बोटं दाखवतो आणि तिथेच त्याचं बिंग फुटतं. पोरांना सिनेमा सांगत नाही, पण अंगठा मात्र पक्का करून घेते. बेकरीत एक ब्रेड हवा म्हणून तर्जनी वर केली आणि दोन हातात पडले, तर काय घ्या!

बारापर्यंत, म्हणजे एल्फ आणि त्स्व्योल्फपर्यंत, सरळ पाठांतर. तेरापासून युनिट आधी आणि दहा नंतर, द्राय-त्सेन. इंग्रजीतल्या थर्टीनसारखंच, त्यामुळे अजून कुणी कुरकुरत नाही. खरी धमाल एकविसाला सुरू होते. आइन-उन्ट-त्स्वान्त्सिश. एक आणि वीस. पंचवीस म्हणजे फ्युन्फ-उन्ट-त्स्वान्त्सिश. पाच आणि वीस. इथे आई-बाबांच्या कपाळावर आठ्या! ''काय राव, हे लोक आकडे उलटे बोलतात?''

आणि आपण काय बोलतो हो?

एकवीस. एक आणि वीस. बावीस, तेवीस, चोवीस, पंचवीस. आपणही आधी सुटा आकडा सांगतो आणि मग दशक. शंभर वर्षं आधी जन्मलेले आजोबाही असंच मोजायचे आणि कुणाला ते उलटं वाटलं नाही. ट्वेंटी-फाइव्हवर वाढलेल्या मुलाला जर्मन पंचवीस ऐकला की सगळी गाडी रिव्हर्समध्ये टाकावी लागते. आजोबांकडून उजळणी शिकलेला माझ्या बॅचमधला एक पठ्ठ्या मात्र फ्युन्फ-उन्ट-त्स्वान्त्सिश ऐकून शांतपणे म्हणाला, ''मग? पंचवीसच तर आहे.''

उलट जर्मन आपल्यापेक्षा बरंच साधं आहे. पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, पंचावन्न, पासष्ट, पंच्याहत्तर. यातला पाच दर वेळी नवं सोंग घेऊन येतो. जर्मन पाच कायम 'फ्युन्फ-उन्ट' असतो, पुढचं दशक फक्त बदलायचं. आणि एकोणतीस-एकोणचाळीसची भानगडच नाही. एकोणचाळीस म्हणजे चाळिसाला एक कमी, हा आपला हिशेब. जर्मन सरळ नऊ आणि तीस म्हणतात. म्हणजे मराठीत शंभरापर्यंत पोचलेल्या पोराने अवघड पेपर आधीच सोडवलाय!

आता दुसरी बाजू, कारण ती लपवण्यात अर्थ नाही. बोलण्यात सगळं ओके, पण लिहिताना घोळ होतो. कानावर आधी एक पडतो, हात आधी एक लिहितो आणि एकविसाचे बारा होतात. जर्मनमध्ये या उलटापालटीला खास शब्दच आहे, 'त्सालेनड्रेअर'. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांवरचा एक अभ्यास २००९मध्ये प्रसिद्ध झाला. ऐकलेला आकडा लिहिताना झालेल्या चुकांपैकी जवळजवळ निम्म्या या उलटापालटीशी संबंधित होत्या. म्हणजे मुलं ढ नसतात, भाषेची ठेवणच तशी आहे.

त्यामुळे ही ठेवणच बदला म्हणणारेही आहेत. बोखुमचे गणितज्ञ लोथार गेरिट्झन यांच्या पुढाकाराने २००४मध्ये 'त्स्वान्त्सिशआइन्स', म्हणजे 'वीस-एक' नावाची संस्थाच निघाली. नॉर्वेने तर १९५१मध्ये सरकारी निर्णयाने एक-आणि-वीसचं वीस-एक केलं. टेलिफोन नंबर सांगताना होणारा गोंधळ हे त्यामागचं मोठं कारण. आणि आपल्याकडे? २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे समजावत होत्या की मुलांना जोडाक्षरं आणि हा उलटा क्रम जड जातो. बोखुम आणि पुणे, दुखणं एकच!

मग पोरांना शिकवायचं कसं? माझा नियम सोपा आहे. आधी तोंड, मग डोळे, हात सगळ्यात शेवटी. लिहायची घाई करायचीच नाही. जर्मन शाळेतही पहिलीत साधारण वीसपर्यंत आणि दुसरीत शंभरपर्यंत जातात. तोवर खेळा की!

खेळायला सगळ्यात भारी म्हणजे 'मेन्श एर्गेरे डिश निश्ट'. नाव ऐकून घाबरू नका, अर्थ आहे 'माणसा, चिडू नकोस', आणि निघतो आपला ल्यूडो. म्युनिकच्या योझेफ फ्रीडरिश श्मिट यांनी १९०७-०८च्या सुमारास तो तयार केला आणि आज तो घरोघरी असतो. फासा टाकायचा, आकडा मोठ्याने म्हणायचा, तेवढी घरं मोजत जायचं. झेक्स पडल्याशिवाय सोंगटी बाहेर नाही, त्यामुळे 'सहा' कुणी विसरत नाही. आणि गंमत म्हणजे हा खेळ आपल्या पचिसीच्या वंशातला. पचिसी हे नाव कशावरून? पंचविसावरून!

दुसरं साधन डिसेंबरमध्ये मिळतं. अ‍ॅडव्हेंट कॅलेंडर. नाताळच्या आधी रोज एक खिडकी उघडायची, आत चॉकलेट किंवा चित्र. खिडक्या चोवीस, पण आकडे मुद्दाम इकडेतिकडे विखुरलेले. ''आज झीपत्सेन, शोध कुठे आहे सतरा!'' शेवटच्या चार दिवसांत नेमके उलटे आकडे येतात, एकवीस ते चोवीस. एकविसाला पोरगं बाराच्या खिडकीकडे गेलं तर ती आधीच उघडलेली असते, चॉकलेटही फस्त! चूक आपोआप कळते, ओरडावं लागत नाही.

आणि फोन नंबर. बरेच जर्मन लोक नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांत सांगतात, तेव्हा मोठ्यांचीही फे फे उडते. 'त्स्वाय' आणि 'द्राय' फोनवर सारखे ऐकू येतात म्हणून दोनला 'त्स्वो' म्हणतात, हेही पोरांना आधीच सांगून ठेवा. मुलाला आईचा नंबर एकेक आकडा सुटा करून पाठ हवा. अनोळखी शहरात हरवलं तर व्याकरण कामाला येणार नाही, हा नंबर येईल.

आता त्या आईला दिलेलं उत्तर. मी म्हटलं, ''बंद करायचंच असेल तर गोंधळाची भीती बंद करा. मराठी आकडे राहू देत. उलट निघेपर्यंत रोज आजीसोबत जिना चढताना शंभरपर्यंत म्हणू देत.'' तिकडे शाळेत फ्युन्फ-उन्ट-त्स्वान्त्सिश तर येणारच आहे. जर्मनीतली अख्खी शाळा, अख्खी सोसायटी, ट्रॅमचा ड्रायव्हरसुद्धा ते शिकवायला बसलाय. पंचवीस शिकवायला मात्र तिथे तुम्हा दोघांशिवाय कुणीही नसेल.

त्या आईने तेव्हा नुसती मान हलवली. गेल्या रविवारी ती पोरगी माझ्या बिल्डिंगच्या पायऱ्या मोजत वर आली. मराठीत. एकोणतीसला अडली, 'नऊ-वीस' म्हणाली आणि पुढे चालू लागली. मी अजिबात दुरुस्त केलं नाही. जर्मनमध्ये बरोबर होतं ना!