‘प्रश्न उद्भवत नाही’ म्हणता? मग एकदा वाडीवर या!



अधिवेशन आलं की आपल्या भागातल्या आमदारांचे फोटो पेपरात येतात. हातात कागद, पुढ्यात माईक, खाली मोठ्या अक्षरात ‘सभागृहात आवाज उठवला’. आवाज उठवला ते चांगलंच झालं. पण कशाबद्दल उठवला तेही बघा. चाकणच्या चौकातली ट्रॅफिक, तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता, पुणे-नाशिक हायवे, इंद्रायणीवरचा फेस. हे प्रश्न खोटे नाहीत. आपलीही पोरं त्याच कंपन्यांत ठेकेदाराकडं लागलीत, शिफ्ट सुटली की तीही त्याच चौकात अडकतात. ऑगस्ट २०२५ मध्ये तर उपमुख्यमंत्री स्वतः पहाटे चाकणला येऊन ट्रॅफिक बघून गेले. आता त्याच चौकातून गाडी पश्चिमेला वळवली, राजगुरुनगर सोडून भीमाशंकरच्या अंगाला लागली, की आपल्या वाड्या सुरू होतात. तिथं कोण कधी पहाटे येऊन उभा राहिला? पहाटे सोडा, दुपारी तरी?

का येत नाहीत, तर हिशेब सरळ आहे. विधानसभेत २८८ जागा, त्यातल्या २५ अनुसूचित जमातींसाठी राखीव. पुणे जिल्ह्यात एकही नाही. खेड-आळंदीत चाकण आहे, आळंदी आहे, राजगुरुनगर आहे. मावळात तळेगाव, लोणावळा. पिंपरी, चिंचवड, भोसरीचं तर बोलायलाच नको. मतं मोजली की ठाकर, कातकरी, महादेव कोळी कुठं कोपऱ्यात राहतात. आंबेगाव-जुन्नरची काही गावं तरी अनुसूचित क्षेत्रात आहेत, त्यांना पेसा लागू आहे. खेड आणि मावळचे आदिवासी त्याच्याही बाहेर. डोंगर तोच, पाऊस तोच, माणसं तीच, पण तालुक्याची शीव ओलांडली की कायदा बदलतो. यावर कुणी प्रश्न विचारलेला आम्ही तरी ऐकला नाही.

बरं, प्रश्न विचारला तरी त्याचं काय होतं ते समजून घ्या, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं की आमदार विधानसभेत बोलला म्हंजे काम झालं. तारांकित प्रश्नाचा एक ठरलेला साचा असतो. ‘अमुक गावात रस्ता नाही हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली आहे? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ उत्तराचाही साचा असतो. ‘होय.’ ‘हे अंशतः खरे आहे.’ ‘कार्यवाही सुरू आहे.’ आणि सगळ्यात लाडकं वाक्य, ‘प्रश्न उद्भवत नाही.’ म्हंजे पहिल्या ओळीत ‘हे खरे नाही’ लिहिलं, की खालच्या सगळ्या ओळी आपोआप मरतात. विलंबच नाही, तर कारणं कसली?

हे ‘खरे नाही’ लिहितो कोण? मंत्री काय आपल्या वाडीवर येऊन बघत नाही. प्रश्न मंत्रालयातून जिल्ह्याला येतो, जिल्ह्यातून तालुक्याला, तालुक्यातून त्याच खात्याच्या त्याच साहेबाच्या टेबलावर, ज्याच्याबद्दल तक्रार होती. तो चार ओळी लिहितो. त्या ओळी जशा आल्या तशाच वर जातात, आणि मंत्री सभागृहात त्याच वाचतात. ज्याच्याविरुद्ध फिर्याद त्यालाच पंचनामा करायला लावायचा, असा हा कारभार. म्हणून कागदावर रस्ता असतो आणि पायाखाली चिखल असतो.

आता आपल्याकडं दिलं जाणारं ठरलेलं उत्तर घ्या. ‘सदर रस्ता वनक्षेत्रातून जात असल्याने काम करता येत नाही.’ ऐकून ऐकून कान किटले. बाळंतीण झोळीतून खाली आणा, म्हाताऱ्याला पाठीवर घ्या, पण रस्ता मागू नका, कारण मधे फॉरेस्ट आहे. तळेगाव-चाकणला कारखाने आले, तेव्हा जमीन मिळाली. एक्सप्रेसवे डोंगर फोडून गेला, तेव्हा जमीन मिळाली. आपल्या तीन किलोमीटरच्या वाटेलाच तेवढा वनसंरक्षण कायदा आठवतो!

साथींनो, हे उत्तर चूक आहे, आणि चूक आहे हे कायद्यातच लिहिलेलं आहे. २००६ चा वनहक्क कायदा म्हटला की आपण फक्त प्लॉटचे दावे आणि पट्टे एवढंच धरतो. त्याच कायद्यातलं कलम ३ पोटकलम २ वाचा, कुणाकडून तरी वाचून घ्या. तिथं तेरा सोयी मोजून लिहिल्यात. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, विजेच्या आणि टेलिफोनच्या तारा, तळी, पिण्याच्या पाण्याची योजना आणि पाइपलाइन, पाणी साठवायची कामं, लहान कालवे, सौरऊर्जेसारखी साधनं, हुन्नर शिकायचं केंद्र, रस्ता आणि समाजमंदिर. यासाठी वनजमीन देता येते, वनसंरक्षण कायदा आडवा येत नाही. अटी मोजक्याच आहेत. एका कामाला जमीन एक हेक्टरच्या आत असावी, हेक्टरी पंच्याहत्तरपेक्षा जास्त झाडं तुटू नयेत, आणि ग्रामसभेनं शिफारस केलेली असावी. हिशेब करा. तीन मीटर रुंदीचा रस्ता धरला तर तीन किलोमीटर लांबी एक हेक्टरच्या आत बसते. आपल्या किती वाड्या तेवढ्यात मोकळ्या होतात! अभयारण्य आहे म्हणून जमत नाही असंही कुणी सांगू नये, कायद्यातल्या वनजमिनीच्या व्याख्येत अभयारण्यही येतं. आणि हा कायदा पेसासारखा ठरावीक गावांपुरता नाही. खेडलाही लागू, मावळलाही लागू.

मग आमदारांनी विचारायचा प्रश्न ‘रस्ता का नाही’ एवढाच नाही. ‘कलम ३(२) खाली या तालुक्यातून ग्रामसभांचे किती प्रस्ताव आले, किती मंजूर केले, किती किती दिवस पडून आहेत’ हा आहे. याला ‘प्रश्न उद्भवत नाही’ लिहिता येत नाही, आकडा द्यावाच लागतो. शून्य लिहिलं तर शून्यही छापून येईल.

एसटीचं बघा. मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट झालं, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना त्याच्या आधीपासूनच फुकट. गाजावाजा केवढा! पण गाडीच येत नसली तर अर्धं तिकीट कशाचं काढायचं? ‘प्रवासी भारमान कमी’ म्हणून फेरी बंद होते. भारमान कमी का, तर गाडी वेळेवर येत नाही म्हणून माणसं वडापनं जातात. मग गाडी रिकामी, मग फेरी बंद. आणि ही फक्त तिकिटाची गोष्ट नव्हं. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यात माळीण गाव डोंगराखाली गेलं, दीडशेच्या आसपास माणसं गाडली गेली. गाव जागेवर नाही हे बाहेरच्या जगाला पहिल्यांदा कुणामुळं कळलं? नेहमीच्या फेरीला आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरमुळं. तलाठी नाही, गार्ड नाही, आमदार तर नाहीच. ती फेरी भारमान नाही म्हणून आधीच बंद केली असती तर? फेरी बंद करताना हा हिशेब कुठल्या रकान्यात धरतात, ते कुणीतरी सभागृहात विचारावं.

पाण्याचं बोलायला गेलं तर रात्र पुरणार नाही. भामा आसखेडचं पाणी १ जानेवारी २०२१ ला पुणे शहराला सुरू झालं. पिंपरी-चिंचवडला आंद्रातून रोज १०० आणि भामा आसखेडमधून १६७ दशलक्ष लिटर मंजूर आहे. धरणं आपल्या खोऱ्यात, गाळ आपल्याकडं, आणि उन्हाळ्यात हंडा घेऊन चढणीला लागतात त्याही आपल्याच बाया. पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्ध मावळचे शेतकरी ९ ऑगस्ट २०११ ला एक्सप्रेसवेवर उतरले, तर बऊरजवळ पोलिसांनी गोळ्या घातल्या. तीन जण गेले, त्यातली एक बाई. ९ ऑगस्टला आपण आदिवासी दिन करतो, ढोल वाजवतो. तारीख तीच आहे, हे पोरांना सांगा.

आणि सोय मागितलेली असून वेळेत झाली नाही तर काय होतं, ते १५ जून २०२५ ला कुंडमळ्यानं दाखवलं. इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीत कोसळला, चार माणसं मेली. नव्या पुलाचे पैसे मंजूर होते. काम सुरू व्हायचं होतं. ‘कार्यवाही सुरू आहे’ या तीन शब्दांचा अर्थ तिथं नदीत पडलेला सगळ्यांनी बघितला. तो पूल शहरातल्या माणसांच्या फिरायच्या जागेवर होता म्हणून दुसऱ्या दिवशी मंत्री आले, कॅमेरे आले. आपल्या ओढ्यावरचे साकव दर पावसाळ्यात वाहून जातात, त्यांचा फोटोसुद्धा निघत नाही.

काही साथी म्हणतात, आमदाराकडं जाऊन काय उपेग, सगळे सारखेच. आमचं मत तसं नाही. विधानसभेतला प्रश्न हे हत्यार आहे, फक्त ते आपल्या दगडावर घासलेलं पाहिजे. मंत्र्यानं सभागृहात आश्वासन दिलं तर ते आश्वासन समितीकडं जातं. अनुसूचित जमाती कल्याण समिती आहे, विनंती अर्ज समिती आहे. या समित्या अधिकाऱ्यांना समोर बसवतात. आमदाराला वर्षाला पाच कोटींचा स्थानिक निधी असतो, त्यातून स्वागत कमानी किती झाल्या आणि साकव किती झाले हेही आपण विचारू शकतो. पण रिकाम्या हातानं, नुसता नारळ घेऊन गेलो, तर फोटो काढून परत येऊ. निवेदन देणं म्हंजे भीक मागणं नव्हं, हे डोक्यात ठेवून जा.

म्हणून अधिवेशनाच्या आधी प्रत्येक वाडीनं एवढं करायचं. ग्रामसभा लावा, वाडीची वेगळी लावा, निम्म्याच्या वर माणसं हजर पाहिजेत, बायांच्या सह्या-अंगठे आधी घ्या. ठरावात ‘विकास व्हावा’ असलं गोल गोल लिहू नका. कुठून कुठपर्यंत रस्ता, किती लांब, किती रुंद, किती झाडं, कोणत्या गटातून, हे लिहा. कलम ३(२) चा उल्लेख करा. कातकरी वाड्यांनी एक गोष्ट वेगळी लिहायची आहे. पीएम जनमनमधून दोन लाखांचं घरकुल मंजूर होतं, पण घराखालची जागा नावावर नाही म्हणून काम अडतं. अशी किती घरं अडली, ती नावानिशी लिहा.

ठरावाच्या तीन प्रती करा. एक वनखात्याला, एक पंचायत समितीला, एक आमदाराला. तिन्हीकडून तारखेसकट शिक्क्याची पोच घ्या. साहेब जेवायला गेलेत म्हणाले तर बसून राहा. पोच हातात असली की उद्या सभागृहात ‘असा प्रस्ताव प्राप्त नाही’ असं लिहायला कुणाचा हात धजणार नाही, आणि लिहिलंच तर शिक्का दाखवता येईल. पोचेची झेरॉक्स पुढच्या बैठकीला आणा. ज्यांच्याकडं झेरॉक्सचे पैसे नसतील त्यांनी मूळ कागदच आणावा, इथं हातानं नक्कल करून लगेच परत देऊ.