गोल घड्याळ, चौकोनी मजकूर

जुम्याच्या दिवशी वजूसाठी रांगेत बसलेल्या तरुणांच्या मनगटांकडे पाहिले तर बरीचशी घड्याळे आता काळी, गोल आणि चकचकीत दिसतात. त्यांत काटे आहेत, आकडे आहेत, तारखेची छोटी खिडकीही आहे. पण हे सगळे चित्र आहे. मनगट वर आले की उजळते, खाली गेले की विझते. दोन-तीन हजारांपासून पुढे हवी त्या किमतीची अशी घड्याळे बाजारात मिळतात, आणि लग्नात नवऱ्या मुलाला द्यायच्या वस्तूंच्या यादीतही ती येऊन बसली आहेत. म्हणून या वस्तूचे गुणदोष आपल्या दिवसाच्या मापाने एकदा नीट तपासावेत असे मला वाटते. जाहिरातीत ते माप नसते.

या फॅशनची सुरुवात ज्या घड्याळाने झाली, ते म्हणजे मोटोरोलाचे मोटो ३६०. मार्च २०१४ मध्ये त्याची पहिली छायाचित्रे आली तेव्हा लोक थक्क झाले. तोवरची बहुतेक स्मार्टवॉच म्हणजे मनगटाला बांधलेला छोटा मोबाइलच वाटायचा. हे मात्र स्टीलचे, गोल, चामड्याच्या पट्ट्याचे, खऱ्या घड्याळासारखे घड्याळ होते. सप्टेंबर २०१४ मध्ये ते अमेरिकेत सुमारे २५० डॉलरला आणि त्यानंतर लगेच भारतात १७,९९९ रुपयांना विक्रीला आले. व्यास ४६ मिलिमीटर. चार्जिंगसाठी वायर खुपसायची नाही. उशाशी एका छोट्या स्टँडवर आडवे ठेवले की ते चार्जही होई आणि रात्रभर टेबलावरच्या घड्याळाचे कामही करी. दिसायला देखणे यात वाद नाही.

पण त्याच्या पडद्याच्या तळाशी एक काळी पट्टी होती. वर्तुळाचा तेवढा तुकडा कापल्यासारखा. प्रकाश मोजणारा सेन्सर आणि पडद्याची जोडणी ठेवायला दुसरी जागा नव्हती. कडेची चौकट अगदी बारीक ठेवायची म्हणून हा त्याग केला गेला. लोकांनी त्याला पंक्चर टायर म्हणायला सुरुवात केली. त्याच वर्षी आलेल्या एलजीच्या जी वॉच आरने पूर्ण गोल पडदा दिला, पण त्याची कड जाड होती. मोटोरोलाने २०१५ च्या दुसऱ्या आवृत्तीतही ती पट्टी तशीच ठेवली. एकूण, गोलाईची किंमत कुठेतरी द्यावीच लागते.

ही किंमत भूमितीनेही सांगता येते. एका चौकोनात बसणारे सर्वांत मोठे वर्तुळ काढले तर त्या चौकोनाचा साधारण ७८.५ टक्के भाग व्यापला जातो. चारही कोपरे वाया. आता त्या वर्तुळात मजकुरासाठी पुन्हा चौकोन बसवा, तर वर्तुळाचाही जेमतेम ६४ टक्के भाग हाती लागतो. मजकूर हा स्वभावाने चौकोनी असतो, ओळीखाली ओळ. गोल पडद्यावर पहिली आणि शेवटची ओळ आखूड होते, शब्द कडेला जाऊन बुडतात. इंग्रजीत हे कसेबसे निभावते. देवनागरीत वेलांट्या, मात्रा, रफार वर आणि उकार खाली, त्यामुळे ओळीला उंची जास्त लागते. उर्दूच्या नस्तालिक लिपीत तर शब्द उजवीकडून डावीकडे तिरके उतरत येतात. तिला आणखी उंची हवी. आपल्या घरात बायकोचा संदेश मराठीत येतो आणि मामूंचा उर्दूत. गोल घड्याळावर दोघांचाही अर्धाच वाचायला मिळतो आणि हात शेवटी खिशातल्या मोबाइलकडे जातो.

मग घड्याळ गोल का असते? काटे फिरतात म्हणून. काट्याचे टोक जिथे जिथे जाते, तिथे तिथे आकडा लिहिला की वर्तुळ आपोआप तयार होते. जिथे काटाच नाही, तिथे गोलाई ही केवळ आठवण आहे. अपवाद आहे, आणि तो सांगायला हवा. सॅमसंगने २०१५ मध्ये गिअर एस २ या घड्याळाची बाहेरची कडच फिरती केली. कड फिरवली की यादी सरकते. बोटाने पडदा झाकावा लागत नाही. तिथे गोल आकार कामाला लागला. आकाराला काम मिळाले तर तो शोभतो, नाहीतर तो नुसता पोशाख होतो.

आता गुणांकडे येऊ, कारण ते आहेतच. पहिला गुण म्हणजे मुकेपणा. ज्याला ऐकू येत नाही त्याला अजान ऐकू येत नाही, सहरीचा गजरही नाही. त्याच्या मनगटावर झालेले हलके कंपन ही छोटी गोष्ट नाही. घरातल्या कुणी हलवून उठवण्याची वाट त्याला पाहावी लागत नाही. हेच कंपन मोठ्या आवाजाच्या कारखान्यात काम करणाऱ्याला आणि तान्ह्या बाळाशेजारी झोपलेल्या आईलाही उपयोगी पडते. दुसरा गुण नाडी मोजण्याचा. मागच्या बाजूचा हिरवा प्रकाश त्वचेत शिरतो, रक्त तो शोषून घेते, प्रत्येक ठोक्याला शोषण कमी-जास्त होते आणि त्यावरून ठोके मोजले जातात. बसून मोजले तर आकडा बरा येतो. हात हलत असेल, पट्टा सैल असेल तर भरकटतो. रोजच्या चालण्याची शिस्त लावायला हे पुरेसे आहे. छातीत दुखत असताना या आकड्यावर विसंबून घरी बसणे मात्र जिवावर बेतू शकते. घड्याळ नाडी पाहते. निदान डॉक्टर करतो.

तिसरा गुण सौंदर्याचा. नीटनेटके दिसणे, चांगले कपडे, अत्तर, चांगले घड्याळ यांचे इस्लामला वावडे नाही. वावडे आहे ते दिमाख मिरवण्याचे. पुरुषांना सोने वर्ज्य, हे बहुतेकांना ठाऊक आहे. स्टीलचे घड्याळ त्या प्रश्नातून मोकळे राहते. त्यामुळे देखण्या घड्याळाबद्दल नाके मुरडणाऱ्यांच्या बाजूने मी नाही.

तरीही आपला दिवस या घड्याळाला वेगळ्याच कसोटीला लावतो. मोटो ३६० चा चामड्याचा पट्टा शिकागोच्या नामांकित हॉर्विन कारखान्याचा होता. घड्याळाला आयपी ६७ दर्जा होता, म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे टिकण्याची हमी. पण ही हमी घड्याळाच्या शरीराची, चामड्याची नव्हे. वजूत हात कोपरापर्यंत धुवायचा असतो आणि घट्ट पट्ट्याखालची जागा कोरडी राहून चालत नाही. म्हणजे दिवसातून पाच वेळा पट्टा सोडा, नाहीतर पाच वेळा चामडे भिजवा. कोकणातल्या पावसाळ्यात असे चामडे किती दिवस टिकेल आणि त्याला कसला वास येईल, हे वेगळे सांगायला नको. आपल्या मनगटाला सिलिकॉनचा किंवा स्टीलचा, झटकन निघणारा पट्टाच बरा.

नमाजचेही तसेच. मनगट उचलले की पडदा उजळतो, ही सोय. पण तकबीरला हात वर जातात, कियामात ते बांधले जातात, रुकूनंतर पुन्हा सुटतात. प्रत्येक हालचालीला घड्याळाला वाटते, आपल्यालाच बोलावले. डाव्या मनगटावर उजवा हात, नजर खाली, आणि नेमक्या त्याच जागी कुणाच्या तरी संदेशाची पहिली ओळ चमकते. मशिदीच्या भिंतीवर मोबाइल बंद ठेवण्याची पाटी असते आणि ती आता सगळे पाळतात. घड्याळ मात्र त्या पाटीतून निसटले आहे. आवाज होत नाही म्हणून शेजाऱ्याला त्रास नाही, पण घालणाऱ्याचे लक्ष गेलेच. पडदा आणि कंपन दोन्ही थांबवण्याची सोय बहुतेक घड्याळांत असते. ती नमाजपुरती वापरण्याची सवय लावून घ्यावी. ते जमत नसेल तर घड्याळ काढून खिशात ठेवावे.

नमाजच्या वेळा दाखवणे हा या घड्याळांचा सर्वांत मोठा आकर्षणबिंदू, म्हणून त्याकडे जरा खोलात जाऊन पाहू. वेळ मोजण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आणि अभिमानाची आहे. चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमय्यद मशिदीत इब्न अल-शातिर हे मोठे खगोलज्ञ मुवक्कित, म्हणजे नमाजच्या वेळा ठरवणारे अधिकारी, म्हणून काम करत. १३७१ मध्ये त्यांनी तिथल्या मिनारासाठी सूर्यघड्याळ बनवले. घड्याळातले आजचे ॲप त्याच कामाचे वारस आहे: सूर्य क्षितिजाखाली किती अंश गेला, सावली किती लांबली, यावरून ते गणित करते. पण गणिताआधी ते काही प्रश्न विचारते आणि बहुतेक जण न वाचताच पुढे जातात. फजरसाठी १८ अंश धरायचे की १५? असर शाफई पद्धतीने की हनफी? सावली वस्तूएवढी लांबली की शाफईंची असर सुरू होते, दुप्पट झाली की हनफींची. दोन्हीकडे दुपारची मूळ सावली वेगळी धरून. महाराष्ट्रात ऋतूप्रमाणे या दोहोंत साधारण तासाभराचे अंतर पडते. कोकणातला मुसलमान बहुतकरून शाफई, घाटावरचा हनफी. एकच घड्याळ, एकच ॲप. पण रत्नागिरीत एक उत्तर बरोबर आणि साताऱ्यात दुसरे.

किब्ल्याचेही असेच. आपण सवयीने पश्चिमेकडे तोंड करतो. मुंबईहून हिशेब केला तर दिशा पश्चिमेपासून सुमारे १० अंश उत्तरेकडे येते. प्रवासात घड्याळातले होकायंत्र उपयोगी पडते, पण ते चुंबकीय असते. लोखंडी खाट, मोटारीचा पत्रा, एवढेच काय, पट्ट्याला चुंबकाची कडी असली तरी बाण फिरतो.

आणि या सगळ्या गणितानंतरही एक गोष्ट घड्याळाला कळत नाही: जमात किती वाजता उभी राहणार. आपल्या मशिदींत भिंतीवर पाच-सहा गोल तबकड्यांचा फलक असतो. प्रत्येक तबकडीवर एका नमाजची वेळ. त्या तबकड्यांना यंत्र नसते. मुअज्जिन साहेब स्टुलावर चढून बोटाने काटे सरकवतात. दिवस मोठा झाला, शाळा सुटण्याची वेळ बदलली, बाजारचा दिवस आला, तर कमिटी ठरवते आणि काटा सरकतो. स्मार्टवॉचचे काटे खोटे आहेत आणि या तबकड्याही चालत नाहीत. तरी त्या तबकड्यांमागे मोहल्ल्याने एकत्र येण्याचा ठराव आहे. मनगटावरची वेळ माझ्या एकट्याची, भिंतीवरची आपल्या सगळ्यांची. घड्याळाने पहिली अचूक सांगितली म्हणून दुसरी निरुपयोगी होत नाही.

टिकाऊपणाचा मुद्दा सर्वांत कठोर. मोटो ३६० ची बॅटरी ३२० एमएएचची आणि आतली चिप त्या काळीही जुनी. दिवसभर गेला तरी समाधान मानायचे. रमजानमध्ये सहरीला उठलेला माणूस तरावीहपर्यंत जागा असतो. तेवढा दिवस काढणे अशा घड्याळाला जड जाते. नवी घड्याळे यात बरीच सुधारली आहेत. पण आयुष्याचे काय? २०१४ च्या या घड्याळाला २०१७ मध्ये आलेली अँड्रॉइड वेअरची दुसरी मोठी आवृत्ती मिळालीच नाही. अडीच वर्षांत ते म्हातारे ठरले. याउलट एचएमटीची चावीची जनता घड्याळे पाहा. कंपनीचा घड्याळांचा कारभार बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ मध्ये घेतला, तरी ती घड्याळे अजून चालतात आणि बाजारपेठेतला घड्याळजी डोळ्याला भिंग लावून ती उघडू शकतो. स्मार्टवॉच डिंकाने बंद केलेले असते. बॅटरी गेली की दुरुस्तीपेक्षा नवे घेणे सोपे, असे दुकानदारच सांगतो. वडिलांचे घड्याळ मुलाने वापरावे, ही गोष्ट इथे संपते.

शेवटचा मुद्दा पाळतीचा. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील मदरबोर्ड या वृत्तस्थळाने उघड केले की, जगभर लोकप्रिय असलेल्या मुस्लिम प्रो या नमाजच्या ॲपमधून वापरणाऱ्यांच्या ठिकाणांची माहिती एक्स-मोड नावाच्या कंपनीकडे जात होती आणि त्या कंपनीच्या ग्राहकांत अमेरिकी लष्कराची कामे घेणारे कंत्राटदार होते. लष्कराला आपण माहिती विकल्याचा आरोप ॲपच्या कंपनीने नाकारला, पण एक्स-मोडशी संबंध तोडला. किब्ला शोधायला दिलेली परवानगी कुठवर जाऊ शकते, याचा हा धडा आहे. घड्याळ तर ठिकाणाबरोबर झोप आणि नाडीही नोंदवते. आपल्याकडे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला; पण कायदा आपल्या वतीने परवानगीचे बटण दाबत नाही. नमाजच्या वेळेसाठी गावाचे नाव हाताने भरले तरी भागते. नेमके ठिकाण देण्याची गरज नाही.

म्हणून माझे मत असे: ऐकू येत नसेल, चालण्याची सवय लावायची असेल, काम करताना मोबाइल हाताळता येत नसेल, तर हे घड्याळ जरूर घ्यावे, आणि मजकूर वाचायचा असेल तर चौकोनी घ्यावे. मनगट बारीक असेल तर, विशेषतः बहिणींनी, ४६ मिलिमीटरची तबकडी घालून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. केवळ देखणेपणासाठी गोल हवे असेल तर तीही हरकत नाही, फक्त ते स्वतःच्या पैशाने घ्यावे. मुलीच्या बापाने हप्ते भरून जावयाच्या हातात बांधलेले घड्याळ कितीही अचूक असो. दोन-तीन वर्षांत ते बंद पडेल आणि हप्ते घेतलेल्याची आठवण त्या घरात त्याहून जास्त दिवस राहील. सायकल, रेडिओ आणि घड्याळ मागण्याची जुनी रीत मोडायला आपल्या समाजाने बरीच वर्षे खर्ची घातली आहेत. ती स्मार्ट होऊन परत येऊ नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.