गीझर ‘डायरेक्ट’ करून घेऊ नका!

थंडी सुरू झाली की घरोघरी एक तक्रार ऐकू येते. गीझरमधून आधी कढत पाणी येते आणि मग तो बंदच पडतो. इलेक्ट्रिशियन झाकण उघडून लाल बटण दाबतो आणि गीझर सुरू होतो. चार दिवसांनी तो पुन्हा बंद पडला, की ‘कटआउट गेलाय, डायरेक्ट करून देतो’ असे उत्तर मिळते. हे काम स्वस्तात होते, पण जिवावर बेतू शकते.

गीझर बंद का पडतो?

टाकीच्या गीझरमध्ये दोन राखणदार असतात. पाणी ठरलेल्या तापमानाला पोहोचले की थर्मोस्टॅट कॉइलची वीज तोडतो. तोच बिघडला आणि पाणी तापतच राहिले, तर थर्मल कटआउट वीज तोडतो. लाल बटणाचा कटआउट आपोआप पूर्ववत होत नाही. आधी कोणीतरी कारण शोधावे, यासाठीच ही रचना आहे.

कारणे बहुधा तीन असतात. थर्मोस्टॅटचे संपर्कबिंदू चिकटतात आणि वीज तुटतच नाही. बोअरच्या जड पाण्यामुळे कॉइलवर क्षारांचा थर चढतो आणि कॉइल गरजेपेक्षा जास्त तापते. किंवा टाकीत पाणी नसतानाच बटण चालू केले जाते. मात्र बोर्डावरचा एमसीबी पडत असेल, तर दुखणे वेगळे आहे. तिथे शॉर्टसर्किट किंवा वायरिंगचा दोष तपासावा लागतो.

‘डायरेक्ट’मध्ये धोका काय?

कटआउट काढला आणि थर्मोस्टॅट चिकटला, तर कॉइल थांबवणारे काहीच उरत नाही. मग भिस्त फक्त दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हवर राहते. तो क्षारांनी जाम झाला असेल किंवा ‘गळतोय’ म्हणून बंद केला असेल, तर टाकी फुटू शकते. पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे 1,600 पट जागा लागते. टाकी फुटली नाही तरी 60 अंशांचे पाणीसुद्धा काही सेकंदांत कातडी भाजते. लहान मुले आणि वृद्धांना हा धोका सर्वाधिक.

काय करावे?

गीझर बंद पडला की आधी मेन स्विच बंद करा, पाणी निवू द्या. झाकण स्वतः उघडू नका. तंत्रज्ञाला थर्मोस्टॅट तपासायला, कॉइल साफ करायला आणि व्हॉल्व्ह पाहायला सांगा. भाग बदलला तर आयएसआय चिन्हाच्या गीझरला मूळ कंपनीचाच भाग लावा आणि जुना मागून घ्या. जड पाण्याच्या भागात वर्षातून एकदा टाकी साफ करून घ्या.

भाड्याच्या घरांत आणि वसतिगृहांत हा खर्च मालकानेच करायला हवा. अंघोळ करणाऱ्याला आत कटआउट आहे की नाही, हे दिसत नाही. लाल बटण दुसऱ्यांदा दाबायची वेळ आली, तर गीझर दुरुस्त होईपर्यंत पाणी चुलीवर तापवलेले बरे.