बिनधान्याचे मोदक

आमचं कर्जत म्हणजे भाताचा मुलूख. 'कर्जत ३' हे वाण इथल्याच संशोधन केंद्राचं. इथे तांदळाशिवाय मोदक म्हणजे पाखंडच! पण आईने गेल्या चातुर्मासात धान्य सोडलं होतं. गणेशचतुर्थीला २१ मोदक वळले आणि स्वतः एकही खाल्ला नाही. बघवेना मला.

यंदाही तिचा नेम आहेच. म्हणून शिंगाड्याच्या पिठात निम्मं साबुदाण्याचं पीठ घालून उकड काढली. नुसता शिंगाडा चिरतो. साबुदाण्याने चिकटपणा येतो. सारण नेहमीचंच, ओलं खोबरं आणि गूळ. रंग मातकट, कळ्या जाड. महडहून आलेली आत्या म्हणाली, "हे कसले मोदक?"

असोत. जिने आयुष्यभर वळले, तिनेच पानावर नुसतं बघत बसायचं, हे मला पटत नाही. आईने दोन खाल्ले, वर तूप मागितलं.

तुमच्याकडे काय करतात?