कॅमेरा घ्या, पण आधी लेन्स पाहा



लग्नसराई जवळ आली की एक प्रश्न आमच्याकडे हमखास येतो. यंदा तो एका भगिनीने विचारला आहे. त्या घरकाम करतात, पती रात्रपाळीचे वॉचमन आहेत. मुलाने बारावीनंतर वर्षभर एका फोटोग्राफरच्या हाताखाली लाइट धरण्याचे काम केले. आता त्याला स्वतःचा, लेन्स बदलता येणारा कॅमेरा हवा आहे. भिशीचे तीस हजार रुपये हाती आहेत. दुकानदार म्हणतो, "नवीन मिररलेस घ्या, बाकीचे हप्त्याने द्या." हप्ता काढू का, असे त्या विचारतात.

ताई, हप्ता काढू नका. पहिल्या लग्नाची ऑर्डर मिळण्याआधी पहिला हप्ता दारात उभा राहील.

घरातले वाढदिवस, मुलांची गॅदरिंग एवढेच टिपायचे असेल तर आम्ही सरळ सांगतो, हातातला मोबाइल पुरेसा आहे. पण या मुलाला मंगल परिणयाचे, विहारातल्या कार्यक्रमांचे फोटो काढून चार पैसे मिळवायचे आहेत. आणि हे काम आपल्या मुलांनी करावे असे आम्हालाही वाटते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा घेतलेल्या आपल्या आजी-आजोबांपैकी कितीजणांचा त्या काळचा फोटो घरात आहे? त्या वेळी कॅमेरा आपल्या हातात नव्हता. आज येऊ शकतो, तर तो नीट पारखून यावा.

आता आपले कार्यक्रम होतात कुठे ते आठवा. विहाराची खोली, दोन ट्यूबलाइट, भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्त्या. वधूवर पांढऱ्या वस्त्रात, पुढे बसलेल्या उपासिका पांढऱ्या साड्यांत. उजेड कमी आणि वंदना चालू असताना डोळ्यांवर फ्लॅश मारणे आम्हाला तरी बरे वाटत नाही. अशा ठिकाणी कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा लेन्स किती उजेड आत घेते याला महत्त्व आहे. कॅमेऱ्याबरोबर मिळते ती १८-५५ची लेन्स पुढे ताणली की तिचे तोंड एफ ५.६ इतकेच उघडते. एफ १.८ची साधी ५०ची लेन्स जवळजवळ दहापट उजेड घेते. दुकानदार सांगेल, "या लेन्समध्ये हात हलला तरी फोटो हलत नाही." खरे आहे, पण ती सोय आपल्या हातापुरती. फुले वाहणारा हात किंवा जयंतीच्या मिरवणुकीत लेझीम खेळणारी मुलगी काही थांबत नाही. तिथे उजेडच लागतो.

म्हणून आमचा हिशेब असा. बॉडी जुनी, म्हणजे वापरलेला डीएसएलआर घ्यावा, आणि वाचलेले पैसे लेन्सवर घालावेत. कॅननच्या साध्या बॉडीवर ५० एमएम एफ १.८ ही लेन्स स्वस्तात स्वस्त आणि चांगली. मात्र अशा छोट्या सेन्सरवर ती ८०सारखी जवळ ओढते. चेहरे सुंदर येतात, पण दहा बाय बाराच्या खोलीत सगळे नातेवाईक मावत नाहीत. त्यासाठी १८-५५ जवळ ठेवावी आणि ग्रुप फोटो बाहेर उजेडात काढावा. निकॉन घेणार असाल तर ३५ एमएम एफ १.८ डीएक्स आमच्या खोल्यांना जास्त सोयीची. पण निकॉनमध्ये एक खोच आहे. डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते. त्यावर 'एएफ-एस' लिहिलेलीच लेन्स घ्या. जुनी ५०ची 'डी' लेन्स स्वस्त मिळते, पण फोकस हाताने फिरवत बसावे लागेल, तोवर वरमाला पडून गेलेली असेल.

मेगापिक्सेलच्या मागे लागू नका. १८ मेगापिक्सेलच्या बॉडीतून १२ बाय १८ इंचांचे अल्बमचे पान स्वच्छ निघते.

काही वाचक म्हणतील, डीएसएलआरचे दिवस संपले. कॅनन आणि निकॉन दोघांनीही २०१८ साली नवीन मिररलेस माळ सुरू केली आणि आता नव्या लेन्स तिकडेच येतात, हे खरे आहे. पण कॅननची जुनी ईएफ लेन्स अ‍ॅडॉप्टर लावून नव्या आर कॅमेऱ्यावर ऑटोफोकससह चालते. म्हणजे आज घेतलेली काच वाया जात नाही. उलट कॅननची 'एम' माळ, म्हणजे एम ५० वगैरे, बंद झाली आहे आणि तिच्या लेन्स आर कॅमेऱ्याला बसत नाहीत. स्वस्त दिसली तरी तिच्यात अडकू नये.

आता खरेदी. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकाने आहेत. तिथे जाताना एखाद्या जाणकाराला बरोबर न्या. आमच्या वस्तीतल्या एका मुलाने एका दुकानातून पाऊस सरता सरता लेन्स आणली. घरी बॅटरी मारून पाहिली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. दुकानदार म्हणाला, "तुमच्या घरात लागली असेल." एका रात्रीत? पैसे काही परत मिळाले नाहीत. म्हणून लेन्समधून आरपार बॅटरीचा उजेड टाकून तिथल्या तिथे पाहा. पांढऱ्या भिंतीचा फोटो लेन्सचे तोंड बारीक करून, एफ १६ वर काढा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. शटर किती वेळा उडाले तेही विचारा. निकॉनमध्ये हा आकडा फोटोच्या फाइलमधूनच वाचता येतो.

आणि बिल. बॉक्सवरचा नंबर आणि कॅमेऱ्याखालचा नंबर जुळतो का हे पाहिल्याशिवाय एक पैसा देऊ नका. माल चोरीचा निघाला तर चौकशी कुठल्या वस्तीतून सुरू होते, हे आम्ही तुम्हाला सांगायला नको.

तीस हजारांतले सगळे कॅमेऱ्यात घालू नका. एक जादा बॅटरी आणि दोन कार्डे हवीत. या साध्या बॉडीत कार्डाची जागा एकच असते, म्हणून विधी एका कार्डावर आणि स्वागत दुसऱ्यावर घ्यावे. एक बिघडले तरी लग्न पूर्ण जात नाही.

मुलाला आमच्याकडून एक गोष्ट सांगा. पांढऱ्या साड्यांची रांग समोर आली की कॅमेरा फसतो. त्याला वाटते उजेड फार आहे, तो फोटो काळवंडतो आणि चेहरे अंधारात जातात. मग काही स्टुडिओवाले कॉम्प्युटरवर सगळ्यांना पिठासारखे गोरे करून देतात. आपली माणसे सावळी आहेत, ती सावळीच आणि स्पष्ट दिसावीत. त्यासाठी कॅमेऱ्यावरचे अधिक-उणेचे बटण दाबून उजेड अर्धा ते एक घर 'अधिक'कडे न्यायचा. साडीची घडी दिसेनाशी होऊ लागली की तिथे थांबायचे. विहारात रविवारच्या वंदनेला, भन्तेजींची परवानगी घेऊन, आठ-दहा रविवार हाच सराव करावा.

पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या पिशवीत ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, एवढे पुरे. डबा स्वयंपाकाच्या ओट्यापासून लांब ठेवावा.