मानेची सोनोग्राफी आणि दंडावरचा पट्टा



हल्ली मोठ्या दवाखान्यात मानेच्या रक्तवाहिनीची सोनोग्राफी करतात. सुई नाही, दुखणं नाही. वाहिनीची रुंदी आणि भिंतीची जाडी पडद्यावर दिसते. ही जाडी निरोगी माणसात एक मिलिमीटरच्याही आत असते. तिला रक्तदाबाची जोड दिली की भिंतीवरचा ताण काढता येतो. हिशेब आपल्या पाइपलाइनचाच आहे. दाब वाढला किंवा पाइप फुगला की ताण वाढतो, भिंत जाड असली तर तो वाटला जातो. म्हणून रक्तदाबवाल्याची वाहिनी वर्षानुवर्षं जाड होत जाते, आणि ताठरही.

तरी सरसकट सगळ्यांनी ही तपासणी करावी, असं मी म्हणणार नाही. 2013 साली अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनीच नुसती जाडी मोजण्याचा रिवाज नको म्हटलं. चरबीचा थर दिसला तर गोष्ट निराळी.

मुंबईत देवनारला लोकसंख्या विज्ञानाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. 2017-18 मध्ये तिने देशभर पंचेचाळिशी ओलांडलेले लोक आणि त्यांचे जोडीदार मिळून 72 हजारांवर लोकांची पाहणी केली. त्यात घरोघर रक्तदाब मोजला, तो दंडावरच्या पट्ट्यानेच!

तेव्हा संचालक मंडळाला विनंती, की प्रत्येक गट ऑफिसात असं एक यंत्र ठेवावं. ऊसनोंदीला आलेल्याला पाच मिनिटं बसवावं, तोंडातली तंबाखू आधीच थुंकायला लावावी आणि मोजावं. 140/90 च्या वर आकडा पुन्हा पुन्हा आला, तर थेट सरकारी दवाखाना गाठायचा. घरच्या बायकांचाही मोजावा, शेअर त्यांच्या नावावर नसला तरी.

— एक ऊस उत्पादक सभासद