निम्मे-निम्मे भाग आणि न्यायालयाचा दरवाजा

दोन घराण्यांनी मिळून द्राक्षांचे शीतगृह किंवा हळदीची गिरणी काढावयाची, तिची खाजगी कंपनी नोंदवावयाची आणि भाग निम्मे-निम्मे घ्यावयाचे, हा मार्ग आपल्या शेतकरी बंधूंस सरळ वाटतो. परंतु दोघांचे बिनसले की सभेत मते समसमान पडतात, ठराव संमत होत नाही, बँकेच्या कागदावर दुसऱ्याची सही मिळत नाही. आणि वेलीवरचा माल तर कोणासाठी थांबत नाही.

विलायतेतील येनिजे तंबाखू कंपनीचा १९१६ सालचा खटला या बाबतीत वाचण्याजोगा आहे. वाइनबर्ग व रॉथमन या दोन सिगारेट कारखानदारांनी आपले धंदे एकत्र करून ही कंपनी काढिली. अधिकार दोघांसही सारखा. पुढे वितुष्ट इतके वाढले की दोघे परस्परांशी बोलेनात, निरोप चिटणिसामार्फत जात. मौज अशी की नफा पूर्वीहून अधिकच होत होता! तरीही कंपनी मोडण्याचा हुकूम अपील न्यायालयाने कायम केला. कारण ही वस्तुतः भागीदारीच होय, आणि अशा अवस्थेत भागीदारी मोडलीच असती, असे न्यायाधीशांनी धरिले.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली हिंद ओव्हरसीज खटल्यात हे तत्त्व मान्य केले खरे, परंतु हात राखून. केवळ मने विटली एवढ्यावरून कंपनी मोडावयाची नाही. तो अखेरचा उपाय होय. २०१३ च्या कायद्यातील कलम २४२ अन्वये एका पक्षाचे भाग दुसऱ्याने विकत घ्यावे, असा हुकूम राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणास करता येतो. आम्हांस हाच मार्ग पसंत आहे, कारण मोडीत निघालेल्या शीतगृहाची किंमत कोण देतो? मात्र तेथे नुसता पेच दाखवून भागत नाही. प्रतिपक्षाचे वर्तन जाचक किंवा कंपनीस अपायकारक होते, हे सिद्ध करावे लागते.

शेतकरी उत्पादक कंपनीची गोष्ट थोडी निराळी. तेथे व्यक्ती-सभासदास भाग कितीही असोत, मत एकच. आणि सभासदांचे तंटे समेटाने वा लवादाने सोडवावे असे कायदाच सांगतो.

खाजगी कंपनी काढणारांनी मात्र छापील नमुन्याची नियमावली जशीच्या तशी उचलू नये. पेच पडल्यास भाग प्रथम कोणी घ्यावयाचे, किंमत कोणी ठरवावयाची आणि तोवर बँकेत सही कोणाची चालावयाची, ही कलमे नोंदणीपूर्वीच तीत घालून घ्यावी. सोयऱ्याधायऱ्यांत असे लिहून मागण्याचा संकोच वाटतो, हे आम्ही जाणतो, तरीही मागावे.